खराट्यामागचे कीर्तन

(बी. ए. भाग दोन)

आमच्या वर्धा जिल्ह्यात थोर माणसांची वानवा नाही. सेवाग्रामला गांधीजी राहिले, पवनारला विनोबा राहिले, वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी उघडले. हे सारे आम्ही प्राथमिक शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. शाळेच्या भिंतीवर या मंडळींच्या तसबिरी ओळीने लावलेल्या असतात आणि ओळीच्या शेवटी, बहुधा दाराजवळ, एक तसबीर असते ती गाडगेबाबांची. अंगावर ठिगळांचा अंगरखा, हातात खराटा आणि जवळ मातीचे खापर. २० डिसेंबरला त्यांची पुण्यतिथी आली की आम्हा मुलांच्या हाती खराटे येत, पटांगण झाडून होई, फोटो निघे आणि बाबा पुन्हा वर्षभरासाठी भिंतीवर जाऊन बसत.

खराटा खोटा नाही, पण ती अर्धीच गोष्ट आहे असे मला बी. ए. ला आल्यानंतर वाटू लागले. ग्रंथालयात प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले बाबांचे चरित्र हाती लागले. ते वाचताना ध्यानात आले की दिवसा गाव झाडणारा हा माणूस रात्री त्याच गावाला पोट धरून हसवीत असे. पन्नास वर्षे तो गावोगाव एक खेळ घेऊन फिरला. खेळ हा शब्द मी जाणून वापरते. त्यात गाणे होते, नक्कल होती, हशा होता आणि देव म्हणजे नेमके काय हा प्रश्न होता. तंबू नव्हता, तिकीट नव्हते, पडदा नव्हता. नट एकच, आणि बाकीची पात्रे समोर बसलेल्या लोकांतूनच निघत. त्या खेळाचे नाव कीर्तन. प्रस्तुत लेखात मला बाबांचे चरित्र सांगायचे आहे ते या कीर्तनाच्या बाजूने.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, गाव शेंडगाव, जिल्हा अमरावती. म्हणजे आमच्या वर्धा नदीच्या पलीकडचा मुलूख. घर परिटाचे. वडील झिंगराजी दारूच्या पायी खंगून गेले तेव्हा डेबू आठेक वर्षांचा होता. आई सखूबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. मामाच्या घरी डेबूने गुरे राखली, औत हाकले, नदीत पोहला आणि रात्री सवंगड्यांना जमवून भजने म्हटली. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही.

मामा चंद्रभान यांची शेती सावकाराच्या घशात गेली. फेडलेल्या पैशांची पावती नाही, कागदावर काय लिहिले ते वाचता येत नाही, अंगठा मात्र उमटलेला! आपल्याकडच्या हजारो कुणबी घरांची हीच कथा असल्यामुळे ती लांबवीत नाही. मामा त्या दुःखाने खचून गेले. पुढे सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा तरुण डेबूजी बांधावर उभा ठाकला आणि त्याने त्यांना परतवून लावले, असे चरित्रकार सांगतात. मला या प्रसंगातले धाडस मोठे वाटते, पण त्याहून मोठे वाटते ते त्या न वाचता आलेल्या कागदाचे ओझे. पुढे जन्मभर कीर्तनात बाबा शिक्षणावर का तुटून पडत, याचे उत्तर त्या कागदात आहे. जेवणाचे ताट विकावे, हातावर भाकर घेऊन खावी, बायकोला स्वस्तातले लुगडे घ्यावे, पण पोराला शाळेत घालावे, असे ते सांगत. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. माझ्या आईची सही अजून अक्षर अक्षर सुटे ठेवून होते. त्यामुळे हा उपदेश मला पुस्तकातला वाटत नाही.

१८९२ मध्ये डेबूजींचे लग्न कुंताबाईंशी झाले. पहिली मुलगी झाली. तिच्या बारशाला रिवाजाप्रमाणे बोकड कापायला हवा होता आणि दारू पाजायला हवी होती. डेबूजींनी जातभाईंना गोडाचे जेवण वाढले. आज यात काही विशेष वाटणार नाही, परंतु ज्या समाजात पंगतीवरून माणसाची इज्जत ठरते, तेथे ताटातला पदार्थ बदलणे म्हणजे बंडच होते. दारूने बाप नेला होता, ते दारूच्या पंगती कशा घालणार? या बारशाकडे मी त्यांच्या पहिल्या कीर्तनासारखे पाहते. फरक एवढाच की त्या दिवशी लोक हसले नसतील, चिडले असतील.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, भल्या पहाटे डेबूजींनी घर सोडले. मागे म्हातारी आई, बायको आणि मुले. अंगावर चिंध्या, हातात काठी, आणि खाण्यापिण्यासाठी एक मातीचे गाडगे. तेच ऊन-पावसात कधी डोक्यावर पालथे घालायचे. एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. बारा वर्षे ते असे भटकले. कोणी वेडा म्हणून दगड मारले, कोणी कामाला जुंपले. लोकांनी नावेही आपापल्या परीने ठेवली. कुठे गोधडेबुवा, कुठे चिंधेबुवा, आमच्याकडे गाडगेबाबा. त्यांनी स्वतः एकही नाव घेतले नाही आणि एकही नाकारले नाही.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. तिथे पौषातल्या रविवारी यात्रा भरते. नदीत उतरायला वाट नव्हती, चिखलात बायाबापड्या रुतत. बाबांनी कुदळ-फावडे घेऊन काम सुरू केले, लोक हाताखाली आले, आणि १९०८ च्या सुमारास तिथे घाट उभा राहिला. पुढच्या सगळ्या कामांची रीत इथेच ठरली. आधी स्वतः हात घालायचा, मग बोलायचे.

आता कीर्तनाकडे वळते.

आपल्याकडे कीर्तनाच्या दोन परंपरा सांगतात. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतो. बुवा धोतर-पगडीत, मागे पेटी-तबला. वारकरी कीर्तनात एक अभंग घेऊन त्याचे निरूपण चालते; मृदंग आणि टाळकरी साथीला. दोन्हींमध्ये बुवाला विद्या लागते, आणि शेवटी बिदागी असते. गाडगेबाबांजवळ विद्या नव्हती, पोशाख नव्हता आणि बिदागी ते घेत नसत. माझ्या मते त्यांचे खरे नाते तिसऱ्याच ठिकाणी आहे. एकनाथांची भारुडे, सत्यशोधकांचे जलसे आणि आपल्या विदर्भातली दंडार अन् खडी गंमत यांच्याशी. सोंग काढायचे, लोकांना हसवायचे आणि हसता हसता त्यांच्या पदरात काहीतरी टाकायचे, ही आपल्या मातीतली जुनी कला आहे. बाबा ती गुरे राखता राखता आणि रात्रीच्या भजनात बसता बसता शिकले असावेत.

दिवसाचा क्रम असा असे. सकाळी गावात शिरायचे, कोणाला न विचारता गल्ल्या झाडायच्या, गटारे उपसायची. गावकऱ्यांना वाटे, कोणी खुळा आला आहे. दुपारी कोणाच्या दारी चटणी-भाकर मागायची, तीही काम केल्याशिवाय नाही. आणि संध्याकाळी कळायचे की आजचे कीर्तनकार ते हेच! हा स्वतःच एक नाट्यप्रवेश होता. ज्याला सकाळी हाड्‌हूड केले त्याच्यासमोर रात्री मांडी घालून बसायचे, म्हणजे श्रोत्याचा ताठा कीर्तन सुरू होण्याआधीच निम्मा उतरलेला.

माझ्या आजीचे माहेर अमरावती जिल्ह्यातले. आज ती ब्याऐंशी वर्षांची आहे आणि लहानपणी तिने बाबांचे कीर्तन ऐकलेले आहे. तिच्या सांगण्यातून आणि पुस्तकांतून मला जे चित्र जुळवता आले ते सांगते. मैदानात गॅसबत्त्या, सतरंजी नाही, लोक मातीतच बसलेले. बाबा उभे राहत आणि देवकीनंदनाच्या नावाचा गजर सुरू करीत. गजर साधा, चार शब्दांचा, कोणालाही येईल असा. टाळ्यांचा ठेका हळू सुरू होई, मग चढत जाई, आणि हजारो माणसांचे हात एका वेळी पडू लागत. आजी म्हणते की कोणत्या जातीचे कोण कुठे बसले आहे हे तेवढ्या वेळापुरते कोणाच्या ध्यानात राहत नसे.

गजर थांबला की प्रश्न. हीच बाबांची खरी करामत. पहिला प्रश्न इतका सोपा की लहान पोरगेही उत्तर देई. दगडाचा देव कोणी घडवला? पाथरवटाने. त्याला पैसे दिले की नाही? दिले. त्याला आंघोळ कोण घालतो? आपण. नैवेद्यावर कुत्रे आले तर हाकलतो कोण? आपणच! प्रत्येक उत्तर लोक मोठ्याने, एकसुरात देत आणि हसत. गुराखी जसा जनावरांना न मारता, नुसते दोन्ही बाजूंनी आवाज देत गोठ्याकडे आणतो, तसे बाबा माणसांना एकेक उत्तर देत देत अशा जागी आणत की तिथे त्यांचेच शेवटचे उत्तर त्यांच्याच घरातल्या नवसाच्या विरुद्ध उभे राही. तिथे हशा एकदम थांबे. आणि ती शांतता फार बोचू लागण्याच्या आत बाबा पुन्हा गजर धरत. पुन्हा टाळ्या, पुन्हा ठेका. मला वाटते, तो गजर म्हणजे जखमेवर घातलेली फुंकर होती. तो नसता तर लोक उठून गेले असते, किंवा त्यांनी बाबांना मारले असते.

बोली अस्सल वऱ्हाडी. लोकांना मायबाप म्हणून हाक. मधूनच दारुड्याचा आवाज काढायचा, मधूनच नवस बोलणाऱ्या बाईचा, मधूनच पंगतीत हक्काने बसणाऱ्या जातपंचाचा. कर्ज काढून लग्न करणारा बाप त्यांच्या कीर्तनात हमखास येई. देवीपुढे बोकड नेणारा येई, आणि त्या बोकडाची बाजूही ते मांडत. शिवाशिव पाळणारा येई. तो तर असा उलटसुलट प्रश्नांत सापडे की शेवटी माणसाची जात ओळखायची खूण कोणती, हे एकाही श्रोत्याला सांगता येत नसे. कीर्तन संपायच्या सुमारास लोक पाया पडायला धावत, तर बाबा काठी उगारत. पुष्कळदा शेवटचा गजर चालू असतानाच ते अंधारात निघून गेलेले असत.

येथे कोणी विचारील की मग बाबा नास्तिक होते काय? मला तसे म्हणवत नाही. जो माणूस जन्मभर देवाचे नाव घेऊन टाळ्या वाजवतो, जो पंढरीच्या वारीला जातो आणि वाळवंटात खराटा घेऊन उतरतो, त्याला नास्तिक कसे म्हणावे? परंतु देवाच्या नावाने जो बाजार मांडला जातो, त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, मुलामुलींना शिक्षण, रोग्याला औषध, मुक्या जनावराला अभय, हाच त्यांचा देवधर्म. आमच्या वर्गात यावर वाद झाला तेव्हा एक मैत्रीण म्हणाली की हे तर समाजकार्य झाले, यात भक्ती कुठे? मी त्या गजराकडे बोट दाखवते. नुसते समाजकार्य करायचे असते तर टाळ्या वाजवायची गरज नव्हती.

आता एक गोष्ट आमच्या जिल्ह्यातली. १९३५ च्या सुमारास गांधीजी वर्ध्याला मगनवाडीत राहत असत. तेव्हा ते आणि त्यांचे सहकारी जवळच्या सिंदी गावात सकाळी जाऊन सफाई करीत. उघड्यावरची घाण स्वतः उचलत. गावकरी पाहत राहत, आणि दुसऱ्या दिवशी जागा पुन्हा तशीच. त्या कष्टाला गावाकडून फारसा प्रतिसाद मिळाला नाही, ही गोष्ट नोंदलेली आहे. गांधीजींच्या थोरवीला यामुळे उणेपणा येत नाही. पण मी सिंदी आणि बाबांची गावे शेजारी ठेवून पाहते तेव्हा मला वाटते की सिंदीला सकाळ होती, संध्याकाळ नव्हती. नुसता खराटा पाहून लोक ओशाळतात किंवा खुशाल बसतात. रात्री त्याच घाणीवर खदाखदा हसवणारा कोणी भेटला तरच दुसऱ्या दिवशी हात हलतो. महाराष्ट्र शासनाने २००० साली बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यातून कित्येक गावे लख्ख झाली, बक्षिसेही मिळाली. परंतु अभियानाने बाबांचा खराटा घेतला आणि कीर्तन भिंतीवर रंगवलेल्या घोषवाक्यांवर सोपवले. घोषवाक्याला कोणी उत्तर देत नाही.

कीर्तनातून लोक जो पैसा देऊ करीत त्याचे बाबांनी काय केले, हेही सांगायला हवे. स्वतः ते पैशाला शिवत नसत. त्या पैशांतून धर्मशाळा झाल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९१७ मध्ये सुरू झाली. ज्यांना गावात कोणी ओटा देत नव्हते अशा वारकऱ्यांसाठी ती होती. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांसाठी उघडायला त्यानंतर तीस वर्षे लागली. १९४७ मध्ये साने गुरुजींना त्यासाठी प्राणांतिक उपोषण करावे लागले. म्हणजे देवाच्या दाराआधी तीस वर्षे बाबांचे दार उघडे होते. नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा झाल्या. मुंबईला जे. जे. रुग्णालयाजवळ खेड्यांतून येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांची राहण्याची सोय झाली. चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने कराडला १९५४ साली जे महाविद्यालय काढले, त्याला बाबांचे नाव दिले. न शिकलेल्या माणसाच्या नावाचे महाविद्यालय! आता तर नदीपलीकडच्या मुलांच्या पदवीवर संत गाडगेबाबांचे नाव असते आणि आमच्या पदवीवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे. एकाच्या हाती खराटा, दुसऱ्याच्या हाती खंजिरी, आणि दोघेही रात्री मैदानात लोक जमवून बोलणारे. विद्यापीठांची नावे ठेवणाऱ्यांनी नकळत का होईना बरी जोडी जमवली.

या सर्व संस्थांमध्ये आपल्या नात्यातल्या कोणाचाही हक्क असू नये, असा बाबांचा कटाक्ष होता. इथपर्यंत सगळे चरित्रकार हात जोडून उभे राहतात. मलाही उभे राहावेसे वाटते. पण मी मुलगी आहे, आणि चरित्र वाचताना माझे लक्ष पुन्हा पुन्हा कुंताबाईंकडे जाते. लाखांच्या धर्मशाळा बांधणाऱ्याची बायको ऋणमोचनला झोपडीत राहिली. लेकरे तिने वाढवली. १९२३ मध्ये मुलगा गोविंद गेला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तन करीत होते. बातमी आली, त्यांनी ती ऐकली आणि कीर्तन पुढे चालू ठेवले. हा प्रसंग सर्वत्र त्यांच्या वैराग्याचा दाखला म्हणून सांगितला जातो. त्या रात्री खारेपाटणला किती लोक डोळे पुसत होते हे लिहिलेले सापडते. कुंताबाईंनी त्या रात्री काय केले, हे कोणी लिहिलेले मला आढळले नाही. त्यांना कोणी बातमी सांगायला गेले नाही; त्या तर मुलाजवळच असणार.

मी बाबांना दोष देत नाही. त्यांनी घरासाठी एक खोली जरी बांधली असती तरी दुसऱ्या दिवशीच्या कीर्तनात कर्जबाजारी बापाची नक्कल करायचा अधिकार त्यांना उरला नसता. लोक त्यांच्या तोंडून स्वतःची टर उडवून घेत, कारण त्यांच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे काहीच नव्हते. परंतु त्या अधिकाराची किंमत एकट्या बाबांनी दिली असे म्हणणे बरोबर नाही. निम्मी किंमत ऋणमोचनच्या झोपडीत दिली गेली.

हसण्याने माणूस बदलतो काय? हा प्रश्न मला नुसता वाङ्मयीन वाटत नाही. गेल्या वर्षी माझे आजोबा वारले. तेरवीला गावजेवण झाले. वरण, भात, भाजी, पोळी आणि बुंदी. तीन पंगती उठल्या. त्यासाठी वडिलांनी चाळीस हजार रुपये उसने घेतले, आणि त्या वर्षी कपाशीला बोंडअळीने गाठले होते. तेरवीच्या कर्जावर बाबा किती कीर्तने करून गेले! आणि गंमत अशी की जेवणाचा आग्रह धरला तो माझ्या आजीने. जिने लहानपणी मातीत बसून तेरवीच्या पंगतीची नक्कल पाहिली होती आणि हसून हसून जिच्या डोळ्यांत पाणी आले होते, तिनेच. मी तिला पुढे एकदा विचारले. ती रागावली नाही. तिने सांगितले की कीर्तनात जो मेला होता तो कोणाचा तरी दुसऱ्याचा होता. हा माझा माणूस होता.

या उत्तरावर मला काही बोलता आले नाही. पण त्यामुळे बाबा पन्नास वर्षे का फिरत राहिले हे थोडेसे समजले. एका गावात एकदा हसवून काम भागले असते तर ते ऋणमोचनलाच थांबले असते. हशा रात्री येतो आणि सकाळी उतरतो. म्हणून पुन्हा जायचे, पुन्हा तेच विचारायचे. आमच्या घरी ते कर्ज यंदा तुरीच्या पैशातून फिटले. वडिलांनी स्वतःहून सांगितले आहे की घरात पुढे कोणाचीही तेरवी चहा आणि पोह्यांवर करायची. आजीने मान हलवली नाही आणि नाहीही म्हटले नाही.

बाबांची प्रकृती शेवटच्या वर्षांत ढासळत गेली होती तरी फिरणे थांबले नव्हते. १९५२ मध्ये त्यांच्या कार्यासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईला वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे कीर्तन झाले. तेच अखेरचे ठरले. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले आणि त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, मोटारीतून अमरावतीकडे आणले जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी बाबांनी प्राण सोडला. ज्याने घर केले नाही त्याला मरणही रस्त्यावरच आले. अमरावतीत ज्या भागात त्यांची समाधी आहे तो आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो. १९७७ मध्ये त्यांच्यावर राजदत्त यांनी चित्रपट काढला, बाबांचे काम डॉ. श्रीराम लागू यांनी केले. चित्रपटाला नाव दिले ते त्यांच्या गजरातलेच, देवकीनंदन गोपाला.

वांद्र्याच्या त्या अखेरच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण झालेले आहे आणि ते आता कोणालाही मोबाईलवर ऐकता येते. आवाज थकलेला आहे, पण प्रश्न थकलेले नाहीत. सत्यनारायणाच्या पोथीतली बुडालेली नाव प्रसादाने वर येते ना, मग युद्धात समुद्रात बुडालेल्या बोटी वर काढायला मुंबईच्या किनाऱ्यावर एक पूजा घालून का पाहू नये, असा त्यांचा रोख ऐकू येतो. आणि समोरची माणसे हसतात. सत्तर वर्षांपूर्वीचे ते हसणे ऐकताना अंगावर काटा येतो. हसणाऱ्यांपैकी आज किती जण असतील?

दिवाळीच्या सुटीत मी ते ध्वनिमुद्रण आजीला ऐकवले. ती ओसरीत तूर निवडत बसली होती. आवाज सुरू झाला तशी तिने सूप बाजूला ठेवले. गजराला तिचे हात आपोआप जुळले, ठेका जराही चुकला नाही. मग बाबांनी देवाविषयी विचारायला सुरुवात केली. समोरच्या लोकांनी उत्तर देण्याच्या आत, आमच्या ओसरीत बसून, आजीने मोठ्याने उत्तर दिले.